तीन कादंबऱ्या, तीन दुबळे धर्मगुरू

कादंबरी हा वाङ्मयप्रकार आपल्या कॅथलिक घरांत बराच काळ थोड्या संशयानेच पाहिला गेला. संतचरित्रे घरात असत, प्रार्थनेची पुस्तके असत, नाताळ अंकातल्या कथा आवडीने वाचल्या जात. परंतु जाड कादंबरी मांडीवर घेऊन बसलेला मुलगा दिसला की ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न ठरलेला. त्यातल्या त्यात सिएन्क्येविचच्या ‘क्वो वादिस’ला मुभा असे, कारण तीत नीरोच्या काळातील रक्तसाक्ष्यांची गाथा आहे. गंमत अशी की, मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान अनेक अभ्यासक सांगतात ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) एका ख्रिस्ती लेखकाच्याच, बाबा पदमनजींच्या, लेखणीतून उतरली आहे. बाबा आपल्या पंथाचे नव्हते हे खरे. पण ख्रिस्ती माणसाने कादंबरीला परके मानावे असे निदान मराठीत तरी काही कारण नव्हते.

अलीकडे मी तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. तिन्ही इंग्रजीतून वाचल्या. मूळची इंग्रजी त्यांपैकी एकच. दुसरी फ्रेंच, तिसरी जपानी. तिन्हींचा नायक कॅथलिक धर्मगुरू आहे आणि तिघांपैकी एकही आपल्या संतचरित्रांच्या चौकटीत सुखाने बसत नाही. समीक्षकाचा अधिकार मजकडे नाही. वाचताना जे जाणवले आणि नंतर जे मनातून जाईना, तेवढेच येथे मांडतो.

पहिली ग्रॅहम ग्रीन यांची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०). ग्रीन १९२६ साली कॅथलिक झाले. १९३८ साली ते मेक्सिकोत हिंडले आणि तेथील ख्रिस्तसभेचा छळ त्यांनी जवळून पाहिला. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात तोमास गारिदो कानाबाल या राज्यकर्त्याने चर्च बंद पाडली होती, धर्मगुरूंनी एक तर लग्न करावे नाही तर चालते व्हावे असा दंडक घातला होता. कादंबरी याच भूमीवर घडते. सारे धर्मगुरू गेले किंवा मारले गेले. मागे राहिला तो एक दारुडा. त्याला कादंबरीभर नाव नाही. ब्रँडीवाचून त्याचे हात स्थिर राहत नाहीत, आणि एका खेड्यात त्याची एक मुलगी आहे. तो गावोगाव लपतछपत फिरतो, पहाटेच्या अंधारात झोपडीत मिस्सा अर्पण करतो, आणि त्याला आसरा देणाऱ्या खेड्यांतून पोलीस माणसे ओलीस धरून नेतात व गोळ्या घालतात. त्याच्या मागावर असलेला लेफ्टनंट देव मानत नाही. पण राहतो एखाद्या संन्याशासारखा, आणि मनाने प्रामाणिक आहे. ग्रीननी या दोघांना असे समोरासमोर उभे केले आहे की, वाचकाची सहानुभूती कधी इकडे, कधी तिकडे जाते.

मला सर्वांत आवडले ते तुरुंगातील रात्रीचे प्रकरण. काळोख्या, घाणेरड्या कोठडीत दाटीवाटीने माणसे कोंबलेली. धर्मगुरू आपण कोण हे त्यांना सांगून टाकतो. त्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले आहे, तरी चोर-दरोडेखोरांच्या त्या कोठडीतून एकही माणूस तोंड उघडत नाही. त्यांत एक धार्मिक बाई आहे. घरात पवित्र चित्रे बाळगल्याबद्दल ती पकडली गेली आहे. त्या कोठडीत तिला इतरांची किळस येते, आणि धर्मगुरूला तिच्याशीच बोलणे सर्वांत कठीण जाते. हे वाचताना मला आपल्या धर्मग्रामांतील काही चेहरे आठवले. नावे सांगण्याचे कारण नाही.

या कादंबरीत एक आई आपल्या मुलांना एका हुतात्म्याचे चरित्र वाचून दाखवत असते. ते चरित्र गोड आहे, निर्दोष आहे आणि कंटाळवाणे आहे. मुलगा जांभया देतो. ग्रीन यांचा हा चिमटा मला लागला, कारण अशीच चरित्रे ऐकत मी वाढलो. मेक्सिकोतच १९२७ साली फादर मिगेल प्रो या येशूसंघीयाला गोळ्या घालून मारण्यात आले; त्यांना १९८८ साली धन्य म्हणून घोषित करण्यात आले. ते विनोदी, वेषांतरात पटाईत, सायकलवरून ख्रिस्तप्रसाद पोचवणारे गृहस्थ होते. आपल्याकडच्या चरित्रलेखकांच्या हाती असा जिवंत माणूस पडला तरी तो मेणाचा होऊन बाहेर येतो.

रोमच्या धर्मपीठातील अधिकाऱ्यांनी १९५३च्या सुमारास या पुस्तकाबद्दल तीव्र नापसंती कळविली होती. पुढे १९६५ साली पोप सहावे पॉल यांची व ग्रीन यांची भेट झाली. पोपमहाशयांनी ती कादंबरी वाचली होती; तुमच्या पुस्तकांतले काही ना काही काही कॅथलिकांना खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, अशा आशयाचा दिलासा त्यांनी ग्रीनना दिला. बारा वर्षांत ख्रिस्तसभेच्या एकाच छपराखाली दोन मते झाली, हे मला तरी आशादायक वाटते.

आता शेवटाकडे येतो, कारण पुढचे सारे त्यावर आहे. धर्मगुरू सीमा ओलांडून सुरक्षित राज्यात पोचलेला असतो. तेथे त्याला निरोप येतो की, एक जखमी अमेरिकन गुन्हेगार मरणपंथाला लागला आहे व त्याला कुमसार करायचे आहे. हा सापळा आहे हे त्याला कळते, तरी तो परत जातो आणि पकडला जातो. फाशी नाही, गोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री त्याला स्वतःचे कुमसार करावेसे वाटते. गावात एकच धर्मगुरू उरला आहे : पाद्रे होसे, ज्याने सरकारच्या दंडकापुढे मान तुकवून लग्न केले आणि आता निवृत्तिवेतन खात, पोरांच्या टिंगलीचा विषय होऊन जगतो आहे. नवल म्हणजे त्याला बोलवायला जातो तो नास्तिक लेफ्टनंट. पाद्रे होसे येत नाही. बायको दटावते, आणि त्याला स्वतःलाही धीर होत नाही. दारुडा धर्मगुरू पापनिवेदनाशिवाय मरतो.

दुसरी कादंबरी जॉर्ज बर्नानोस यांची ‘डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट’. १९३६ सालची ही कादंबरी फ्रान्समधील आंब्रिकूर या खेड्यातील तरुण धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपाने लिहिली आहे. खरे सांगायचे तर पहिली शंभर पाने मला जड गेली. काही घडत नाही. पोटाच्या दुखण्यामुळे त्याला पाव आणि हलकी वाइन याखेरीज काही पचत नाही, आणि गाव त्याला दारुडा ठरवून मोकळे होते. (ग्रीनचा धर्मगुरू खरोखरीचा दारुडा आहे आणि त्याला लोक जीव देऊन लपवतात, हा बिचारा दारुडा नाही आणि याला कोणी जवळ करत नाही.) मग जमीनदारीणबाईंचा प्रसंग येतो. मुलगा गेल्यापासून देवाशी अबोला धरून बसलेली ती बाई आणि हा अवघडलेला, आजारी तरुण. दोघांत जो संवाद होतो त्यासाठी ती शंभर पाने सोसावीत.

त्याचे दुखणे पोटाचा कॅन्सर निघते. लील शहरात डॉक्टरकडे गेला असता तो एका जुन्या सेमिनरीसोबत्याकडे उतरतो. हा सोबती धर्मगुरुपद सोडून एका बाईबरोबर राहतो आहे. त्याच्याच घरात रात्री आजार बळावतो. धर्मग्रामाच्या धर्मगुरूला निरोप धाडला जातो, पण ते वेळेवर येत नाहीत. तेव्हा मरणारा धर्मगुरू आपल्या सोबत्यापाशीच पापक्षमा मागतो आणि सोबती ती देतो. नंतरचे त्याचे अखेरचे शब्द मी येथे सांगत नाही. ज्याला वाचायचे त्याने तिथवर चालत जाऊन वाचावेत.

काहींना हे लेखकाचे स्वातंत्र्य वाटेल. तसे नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कॅनन कायद्यातील ९७६वे कलम स्पष्ट सांगते की, मरणाच्या धोक्यात असलेल्या माणसाला कोणताही धर्मगुरू, मग त्याला एरवी कुमसार ऐकण्याचा अधिकार नसला तरी, वैधपणे पापक्षमा देऊ शकतो. गुरुदीक्षेची मुद्रा पुसली जात नाही हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. त्या पाठाचा अर्थ एका भाड्याच्या खोलीत, दोन थकलेल्या मित्रांमध्ये उतरताना मी प्रथमच पाहिला.

येथे घरचे थोडे सांगावे लागेल. आमच्या नात्यात एक धर्मगुरू होते. त्यांच्या पहिल्या मिस्साचा फोटो दिवाणखान्यात, पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, लावलेला असे. त्यांनी धर्मगुरुपद सोडले, रोमकडून रीतसर मोकळीक घेतली, लग्न केले. फोटो भिंतीवरून उतरला. खिळा तसाच राहिला, आणि चुन्यावरचा फिकट चौकोन पुढच्या रंगकामापर्यंत दिसत होता. घरात त्यांचे नाव निघाले की आवाज खाली जाई. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या आई आजारी पडल्या. एका पावसाळी रात्री प्रकृती एकाएकी बिघडली, तेव्हा उशाशी हे एकटेच होते. धर्मग्रामाचे फादर बाहेरगावी होते. शेजारच्या धर्मग्रामातून फादर पोचेपर्यंत आई गेल्या होत्या. ‘संस्कारावाचून गेली,’ अशी हळहळ आम्ही मौतीला आलेल्या प्रत्येकापाशी केली. ते काही बोलले नाहीत. बर्नानोसचे शेवटचे पान वाचल्यापासून मला वाटते आहे की, त्या दारामागे त्या रात्री काय घडले हे आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. आता विचारण्यासाठी तेही राहिले नाहीत.

तिसरी कादंबरी शुसाकु एन्डो यांची ‘सायलेन्स’ (१९६६). विल्यम जॉन्स्टन या आयरिश येशूसंघीयाने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९६९ साली आले. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६च्या चित्रपटामुळे ती आपल्या तरुणांनाही नावाने ठाऊक आहे. एन्डो लहानपणी आईच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतलेले. आईने घातलेला हा पाश्चात्त्य कोट आपल्या अंगाला बसत नाही, तो उसवून आपल्या मापाचा शिवण्यातच आयुष्य गेले, अशा अर्थाचे ते बोलत असत. नागासाकीत त्यांनी ‘फुमिए’ पाहिली : ख्रिस्ती कोण हे ओळखण्यासाठी लोकांना जिच्यावर पाय द्यायला लावत ती प्रभूची किंवा पवित्र मातेची कोरीव प्रतिमा. तिच्या लाकडी चौकटीवर असंख्य पावलांचे काळे ठसे उमटले होते. ही पावले कोणाची, या प्रश्नातून कादंबरी जन्मली.

वसईच्या वाचकाला ही कादंबरी परकी वाटू शकत नाही. तिच्यातील पोर्तुगीज धर्मगुरू लिस्बनहून निघतात, गोव्याला थांबतात, मकावमार्गे जपानला जातात. हीच आपल्या संत गोन्सालो गार्सियाची वाट. वसईत जन्मलेला, जपानी भाषा अस्खलित बोलणारा हा फ्रान्सिस्कन व्रतस्थ बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांसह क्रूसावर भाल्याने भोसकला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. त्याचा सण आपण वाजतगाजत करतो, त्याचे नाव आपल्या शाळा-कॉलेजांना आहे. एन्डोची गोष्ट त्याच्या मरणानंतर चाळीस वर्षांनी, त्याच देशात घडते, आणि तिचा नायक फादर रॉड्रिग्ज त्या प्रतिमेवर पाय देतो.

म्हणून हे पुस्तक मी हाती घेतले ते भांडायच्या तयारीने. आमच्या गोन्सालोने प्राण दिले. याने पाय दिला आणि हा कादंबरीचा नायक? दोनशे पाने वाचून झाल्यावर लक्षात आले की चाळीस वर्षांत माणसे भित्री झाली नव्हती, राज्यकर्ते हुशार झाले होते. १५९७ मध्ये त्यांनी सव्वीस जणांना उघड्यावर क्रूसावर चढवले, आणि त्या देखाव्याने ख्रिस्ती लोकांची श्रद्धा दृढच झाली. १६१४ साली साऱ्या देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे अधिकाऱ्यांना उमगले की, धर्मगुरू मारण्यापेक्षा धर्मगुरू मोडणे अधिक उपयोगी. मग खड्ड्यात उलटे टांगण्याची शिक्षा निघाली, ज्यात मरण लवकर येत नाही. रॉड्रिग्जला तर टांगतही नाहीत. रात्रभर त्याला कोणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतो, त्याचा संताप होतो, आणि मग कळते की ते घोरणे नसून टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. त्यांनी केव्हाच धर्म सोडल्याचे म्हटले आहे. तू पाय देईपर्यंत त्यांना सोडणार नाही, असे त्याला सांगण्यात येते. असला पेच गोन्सालोपुढे कोणी टाकला नव्हता. हे म्हटल्याने गोन्सालोचे मोठेपण तसूभरही उणे होत नाही.

तरी एन्डोंशी माझे दोन ठिकाणी पटत नाही. कादंबरीतील फादर फेरेरा ही इतिहासातील व्यक्ती. जपानमधील येशूसंघीयांचे हे ज्येष्ठ पुढारी १६३३ साली खड्ड्यात टांगले असता काही तासांत मोडले व धर्मत्याग करून जपानी नावाने राहिले. कादंबरीत ते रॉड्रिग्जला समजावतात की, जपान ही दलदल आहे, येथे लावलेले ख्रिस्ती रोप कुजतेच. हे बोलणे इतके प्रभावी उतरले आहे की अनेक वाचक ते लेखकाचेच मत समजतात. परंतु इतिहासाने फेरेरांना खोटे पाडले. १८६५च्या मार्च महिन्यात नागासाकीच्या औरा येथील नव्या चर्चमध्ये काही खेडूत आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना हलक्या आवाजात सांगितले की, आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून, मिस्सावाचून त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपल्या होत्या. ते चर्च ज्यांच्या नावाने बांधले होते ते सव्वीस रक्तसाक्षी, म्हणजे आपला गोन्सालो त्यांत आलाच. आणि या खेडुतांचे पूर्वज? ते वर्षानुवर्षे फुमिएवर पाय देत आले होते, आणि घरी परतून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत आले होते. हुतात्म्यांच्या नावाच्या चर्चमध्ये पाय देणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे उभी राहिली, यासारखा प्रसंग कोणत्या कादंबरीकाराला सुचला असता?

दुसरे. फेरेरांबरोबर त्याच वेळी खड्ड्यात टांगलेल्यांत फादर जुलिआव नाकाउरा होते. बालपणी जपानच्या शिष्टमंडळातून रोमला जाऊन आलेले, वाटेत गोवा पाहिलेले हे जपानी येशूसंघीय शेवटपर्यंत ढळले नाहीत आणि खड्ड्यातच मरण पावले. २००८ साली नागासाकीत त्यांना धन्य घोषित करण्यात आले. एन्डोनी मोडलेल्याची कथा निवडली, कारण मोडलेल्यांची बाजू कोणी लिहीत नाही असे त्यांना वाटे. हक्क त्यांचा. पण एकाच वधस्थानी एक तुटतो व एक टिकतो, याचे गूढ कादंबरीत येत नाही. त्याचप्रमाणे भरतीच्या पाण्यात खांबाला बांधलेले शेतकरी मोकिची आणि इचिझो ज्या रीतीने मरतात, ती पाने मला रॉड्रिग्जच्या सगळ्या आत्मचिंतनापेक्षा भारी वाटली. लेखक मात्र त्यांना मागे टाकून घाईने धर्मगुरूकडे वळतो.

आणि किचिजिरो. प्रत्येक वेळी पाय देणारा, रॉड्रिग्जला पैशासाठी धरून देणारा, आणि प्रत्येक वेळी रडत कुमसार मागायला परत येणारा हा मळकट माणूस मला प्रारंभी असह्य झाला. रॉड्रिग्जलाही तो असह्यच होतो. रॉड्रिग्ज पडतो त्यानंतर एका रात्री किचिजिरो त्याच्या दाराशी येतो आणि पुन्हा कुमसार मागतो. तुम्ही पाय दिलात, तरी तुम्ही धर्मगुरूच आहात, हे त्या अडाणी माणसाला ठाऊक आहे. आता दोघेही एकाच पायरीवर. रॉड्रिग्ज त्याला पापक्षमा देतो. पाद्रे होसे ज्या दारातून बाहेर पडला नाही, ते दार येथे उघडते.

‘सायलेन्स’ वाचणाऱ्यांनी शेवटचे परिशिष्ट टाळू नये. ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यावरील एका अधिकाऱ्याची ती रुक्ष दैनंदिनी आहे. कोणाला किती शिधा दिला, कोणाची झडती घेतली, असल्या नोंदी. घाईच्या वाचकाला ती कंटाळवाणी वाटून तो पुस्तक मिटतो. पण त्या नोंदींत दोन गोष्टी येतात. किचिजिरोच्या गळ्यातील ताइतात संतांची चित्रे सापडतात. आणि जपानी नाव धारण केलेल्या रॉड्रिग्जकडून धर्मत्यागाचा लेख पुन्हा एकदा लिहून घेण्यात येतो. पहिला लेख पुरेसा असता, तर दुसऱ्याची गरज का पडावी, हे अधिकारी लिहीत नाही. एन्डोही लिहीत नाहीत.